राजकीय हेतूने होणारे सायबर हल्ले आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य : कॉसमॉस बँक प्रकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना

कोल्हापूर परिसराच्या अर्थजीवनाचा कणा सहकार हा आहे. जोतिबाच्या डोंगराभोवतालच्या गावांतील दूध उत्पादकाचे बिल असो वा ऊस उत्पादकाची रक्कम, ती आज बहुधा बँकेच्या खात्यातच जमा होते. राष्ट्राराष्ट्रांतील सायबर संघर्ष हा विषय येथील सामान्य ठेवीदाराला दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या हल्ल्यात कोल्हापुरातील एटीएम केंद्रांतूनही रक्कम काढली गेली आणि त्या हल्ल्याचा संबंध पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ मंडळाने उत्तर कोरियाशी जोडला. या प्रकरणाच्या आधारे राजकीय सायबर हल्ल्याचे स्वरूप व त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय सहकार्याची गरज स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

राजकीय सायबर हल्ला : संकल्पना

सायबर हल्ला राजकीय ठरतो तो त्यामागील हेतूमुळे, साधनामुळे नव्हे. 2007 मध्ये एस्टोनियातील शासकीय संकेतस्थळे, बँका व वृत्तपत्रे यांवर झालेले हल्ले सोव्हिएतकालीन स्मारक हलविण्याच्या वादातून उद्भवले होते. तेथे हेतू उघड होता. परंतु काही हल्ले वरकरणी निव्वळ चोरीसारखे दिसतात आणि चोरलेला पैसा मात्र एखाद्या राजवटीच्या उद्दिष्टांसाठी वापरला जातो. असा हल्ला ओळखणे अधिक कठीण असते. कॉसमॉस प्रकरण या दुसऱ्या प्रकारात मोडते.

हल्ल्याचे स्वरूप

एटीएममधून पैसे काढताना खात्यात शिल्लक आहे काय, याची विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीकडे केली जाते. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक संगणक प्रणाली घुसवून ही विचारणा मधल्या मध्ये अडविली व बनावट कार्डांवरील मागण्यांना खोटी मंजुरी दिली. 11 ऑगस्ट 2018 रोजी अवघ्या काही तासांत 28 देशांतील एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये आणि भारतातून सुमारे 2.5 कोटी रुपये काढण्यात आले. 13 ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीद्वारे 13.92 कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण नुकसान सुमारे 94 कोटी रुपयांचे होते. एकाच दिवशी इतक्या देशांत माणसे उभी करणे हे किरकोळ टोळीचे काम नव्हे, हे यावरून लक्षात येते.

तपास आणि सहकार्य

या प्रकरणाचा तपास तीन पातळ्यांवर झाला. पहिली पातळी स्थानिक होती. पोलिसांनी भारतात प्रत्यक्ष पैसे काढणाऱ्यांना पकडले आणि एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरविले. दुसरी पातळी परराष्ट्रीय होती. भारतातील एका बँकेतून 2018 मध्ये अशाच रीतीने काढलेल्या पैशासह अन्य चोरीचा पैसा वैध भासविण्यास साहाय्य केल्याची कबुली एका व्यक्तीने अमेरिकी न्यायालयात दिली. तिला 2021 मध्ये 11 वर्षे 8 महिन्यांची शिक्षा झाली. उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेशी संबंधित तिघांवरील आरोपपत्रही अमेरिकेने त्याच वर्षी जाहीर केले. तिसरी पातळी संयुक्त राष्ट्रसंघाची होती. सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ मंडळाने 2019 च्या अहवालात कॉसमॉस हल्ल्याचा उल्लेख उत्तर कोरियाच्या निर्बंध चुकविण्याच्या प्रयत्नांत केला.

या तिन्ही पातळ्या एकत्र पाहिल्यास एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कोल्हापुरातील एटीएमसमोर उभ्या राहिलेल्या हस्तकापर्यंत आपला कायदा पोहोचला, सूत्रधारापर्यंत मात्र पोहोचला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 75 नुसार भारतातील संगणकाविरुद्ध परदेशातून केलेल्या कृत्यासही हा कायदा लागू होतो. परंतु कायदा लागू असणे आणि आरोपी हाती येणे यांतील अंतर केवळ परस्पर सहकार्यानेच भरून निघू शकते.

सहकार्यातील अडचणी

पहिली अडचण हल्लेखोर निश्चित करण्याची आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. त्यामागे सायबर घातपाताची शक्यता राज्य शासनाने मार्च 2021 मध्ये व्यक्त केली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. देशांतर्गत एकमत नसताना परराष्ट्राकडे जाब मागणे अवघड होते.

दुसरी अडचण संस्थात्मक आहे. सायबर गुन्ह्यांविषयीच्या 2001 च्या बुडापेस्ट करारात भारत सामील झाला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर 2024 मध्ये सायबर गुन्हेविरोधी करार स्वीकारला, परंतु तो अमलात येण्यास 40 राष्ट्रांचे अनुसमर्थन आवश्यक ठरविले आहे. दरम्यान, कॉसमॉस हल्ल्याची नोंद घेणाऱ्या तज्ज्ञ मंडळाची मुदत रशियाच्या नकाराधिकारामुळे एप्रिल 2024 अखेर संपुष्टात आली. त्यानंतर 11 राष्ट्रांनी जे देखरेख पथक स्थापन केले, त्यात भारताचा समावेश नव्हता.

समारोप

राष्ट्रीय संरक्षणाची सीमा आता सहकारी बँकेच्या संगणक कक्षापर्यंत आली आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2018 मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा आराखडा जाहीर केला, हे योग्य दिशेचे पाऊल होते. परंतु केवळ अंतर्गत दक्षता पुरेशी नाही. कॉसमॉस हल्ल्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेच्या एफबीआयने एटीएमद्वारे होणाऱ्या जागतिक लुटीचा गोपनीय इशारा बँकांना दिला होता. असे इशारे काही तासांत लहान सहकारी बँकेपर्यंत पोहोचविणारी व्यवस्था, पुराव्यांची जलद देवाणघेवाण आणि हल्लेखोर निश्चित करणारी सर्वमान्य आंतरराष्ट्रीय यंत्रणा या तीन बाबींची आज निकड आहे. त्यांच्या अभावी शिक्षा हस्तकांनाच होत राहील आणि सूत्रधार सीमेपलीकडे सुरक्षित राहतील.