उसाच्या गाड्यांची रांग

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आज जिल्ह्यात असे अनेक कारखाने आहेत. गळिताच्या दिवसांत त्यांच्या फाटकाबाहेर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक यांची रांग लागते.

ही रांग महागात पडते. ऊस तोडला की त्यातील इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करू लागते. यांची साखर हाती येत नाही, ती मळीत जाते. ऊस वाळून वजन घटते ते वेगळेच. म्हणजे शेतकऱ्याचे व तोडणी कामगाराचेही काट्यावर नुकसान, कारण दोघांनाही पैसे टनावर मिळतात.

गाडी किती वेळ ताटकळते, हे घड्याळाशिवाय काढता येईल का? येईल! जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली एक सोपा नियम सिद्ध केला : रांगेतील सरासरी संख्या म्हणजे येण्याचा सरासरी दर गुणिले थांबण्याचा सरासरी काळ. समजा, कारखान्यात तासाला १०० टन ऊस येतो व तेवढाच गाळला जातो, आणि रांगेत नेहमी सुमारे ६०० टन उभा असतो. तर प्रत्येक मोळी सरासरी सहा तास वाळते.

पण मुळात रांग लागतेच का? कारखाना लहान पडतो म्हणून, असे तुम्ही म्हणाल. खरे कारण अनियमितपणा हे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एरलांग या गणितज्ञाने १९०९ पासून असाच प्रश्न सोडवला होता. तेथे गाड्यांऐवजी टेलिफोनचे कॉल होते. गाड्या यदृच्छेने येत असतील, त्या रिकाम्या करण्याचा वेळही तसाच बदलता असेल आणि गव्हाण एकच असेल, तर ती ८० टक्के वेळ कामात असताना तेथे सरासरी ४ गाड्या असतात. ९५ टक्के झाली की १९! काम पाचव्या हिश्श्याहूनही कमी वाढले, गाड्या जवळजवळ पाचपट.

मग गाड्या कमीच बोलवाव्यात? तेही परवडत नाही. गव्हाण रिकामी पडली की गाळप थांबते आणि बॉयलरला लागणारे बगॅसही, कारण ते गाळपातूनच निघते. शिवाय रात्री तोड नसते, म्हणून रात्रपाळीपुरता ऊस संध्याकाळीच आवारात हवा. किती साठा ठेवावा, हा ऑपरेशन्स रिसर्च या शास्त्राचा नमुनेदार प्रश्न. त्याचे उत्तर मोठ्या आवारात नव्हे, तोडणीच्या वेळापत्रकात सापडते : दूरच्या फडात पहाटे तोड, जवळच्या फडात दुपारी, आणि प्रत्येक टोळीला ठरलेली वेळ.