रिपोर्ट नॉर्मल आला, तरी थायरॉइडची गोळी बंद का करायची नाही?

‘टीएसएच नॉर्मल आलाय, आता गोळी थांबवली तर चालेल ना?’ हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावलेल्या रुग्णांचा हा हमखास प्रश्न. काही जण तर न विचारताच गोळी बंद करतात. थकवा, बद्धकोष्ठता, अंगावरची सूज परतली की मग पुन्हा दवाखाना गाठला जातो.

मुळात ही गोळी ग्रंथीला बरे करत नाही. ग्रंथी पुरेसे बनवू शकत नाही तेच संप्रेरक लेव्होथायरॉक्सिनच्या रूपात बाहेरून दिले जाते. विहिरीचा झरा आटल्यावर टँकरने हौद भरला, म्हणून झरा सुरू झाला असे होत नाही. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे भरलेला हौद. हाशिमोटो आजारात प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते, अशा बहुतेक रुग्णांना गोळी आयुष्यभर लागते. प्रसूतीनंतर उद्भवलेला त्रास कधी कधी तात्पुरता असतो. पण गोळी थांबवून पाहायची का, हे डॉक्टरांनी ठरवायचे. ‘सवय लागते’ या भीतीत मात्र तथ्य नाही.

आकडा वाचतानाही घोळ होतो. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा आदेश आहे. संप्रेरक कमी पडले की आदेशाचा जोर वाढतो. म्हणजे टीएसएच जास्त, तर थायरॉइडचे काम सहसा कमी!

आठवड्याभरात पुन्हा तपासणी का नको?

शरीरातील थायरॉक्सिन निम्मे व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलला की नवी पातळी स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे जातात आणि तपासणी सहसा सहा ते आठ आठवड्यांनी सांगितली जाते. त्याआधीचा रिपोर्ट म्हणजे खर्च आणि धास्ती. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर घाबरायचे कारण नाही, तेही याचमुळे. केसांसाठी बायोटिन सुरू असेल तर तपासणीआधी सांगावे. त्याने आकडे चुकीचे येऊ शकतात.

गोळी आणि सकाळचा चहा

खरी गडबड इथे होते. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या तिचे शोषण अडवतात, त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. सकाळी जमतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर किमान तीन तासांनी घेता येते. उपवास असला तरी गोळी चुकवू नये.

वजन? उपचाराने थोडे उतरते, पण सगळी चरबी थायरॉइडच्या माथी मारता येत नाही. वजन घटवण्यासाठी मनाने डोस वाढवणे तर धोक्याचे. त्यातून हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडे ठिसूळ होतात.

गरोदरपणात ‘बाळाला अपाय नको’ म्हणून गोळी सोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. पहिल्या तिमाहीत बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते आणि आईची गरज साधारण 25 ते 50 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह येताच गोळी सुरू ठेवून लगेच डॉक्टरांना कळवावे. पुढच्या नियमित भेटीची वाट पाहू नये.