थरथरत्या बोटांचे गलबत

मुक्ताईनगरकरांना चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमामुळे होडी परिचयाची. शिडाचे जहाज मात्र घरीच लाकडातून घडवावे लागेल! कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची. तिच्या दोरांत नवशिका गुंतून पडतो. आपण त्याहून लहान गलबतापासून आरंभ करावा. दोऱ्याला मेण चोळावे, म्हणजे तंतू सुटत नाहीत. गाठ चिमट्याने ओढावी. हात थरथरत असल्यास मनगट मेजावर टेकवावे; थरथर नव्यानेच सुरू झाली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर लाकूड कापून देण्याचे काम घरच्यांनी करावे. गाठी मात्र आजोबांनाच मारू द्याव्यात. एका शिडाला आठवडा लागला, तरी लागू द्यावा.