जगाचा शेवट? तो तर इ.स. ७० मध्येच होऊन गेला!

जग अमुक तारखेला संपणार, असं छातीठोकपणे सांगणारे अधूनमधून निघतातच. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र जागून काढली. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ चा मुहूर्त सांगितला. दोन्ही तारखा आल्या आणि गेल्या.

या मंडळींच्या बातम्या होतात. पण ख्रिस्ती जगात नेमकं उलट सांगणारेही आहेत. त्यांचं म्हणणं असं: बायबलमधली अंतकाळाची भाकितं खरी ठरली आहेत, पण ती पुढे ठरायची नसून मागेच ठरून गेली आहेत. साल इ.स. ७०, ठिकाण यरुशलेम. या मताला प्रेटेरिझम म्हणतात आणि ते मानणाऱ्यांना प्रेटेरिस्ट. मत पटो न पटो, त्यांनी पुढे केलेले पुरावे इतके रंगतदार आहेत की ते वाचताना पहिलं शतक डोळ्यांपुढे उभं राहतं.

चाळीस वर्षांची पिढी

वादाचं मूळ मत्तयच्या शुभवर्तमानातल्या २४ व्या अध्यायात आहे. मार्क १३ आणि लूक २१ मध्येही हेच प्रवचन येतं. यरुशलेमचं भव्य मंदिर पाहून शिष्य हरखलेले असतात. येशू त्यांना सांगतो की हे सगळं जमीनदोस्त होणार. मग जैतुनांच्या डोंगरावर बसून तो युद्धं, दुष्काळ, भूकंप, काळवंडलेला सूर्य आणि मेघांवरून येणारा मनुष्याचा पुत्र यांबद्दल बोलतो. शेवटी म्हणतो, हे सारं घडेपर्यंत ही पिढी सरणार नाही.

या एका वाक्यानं दोन हजार वर्षं लोकांची झोप उडवली आहे. बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ च्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानात ख्रिस्ती धर्म न मानण्याची जी कारणं दिली, त्यांत येशूची ही ‘चुकलेली’ अपेक्षा होती. सी. एस. लुईस हे तर श्रद्धावंत लेखक, पण हे वचन बायबलमधलं सर्वांत अडचणीचं आहे अशी कबुली त्यांनीही दिली.

प्रेटेरिस्ट म्हणतात, अडचण कसली? येशू हे बोलला साधारण इ.स. ३० च्या सुमारास. रोमन सेनेनं मंदिर जाळलं इ.स. ७० मध्ये. मध्ये चाळीस वर्षं, म्हणजे बायबलच्या हिशेबात बरोब्बर एक पिढी.

गंमत म्हणजे विरुद्ध बाजूनंही हाच चाळीसचा आकडा वापरला. हॅल लिंडसी यांच्या ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ या १९७० च्या तुफान खपलेल्या पुस्तकानं पिढी मोजायला १९४८ पासून, इस्राएलच्या स्थापनेपासून सुरुवात केली. चाळीस मिळवा, १९८८ येतं. त्या वर्षी एडगर व्हिसेनंट यांचं प्रभू याच वर्षी येणार असल्याची ८८ कारणं देणारं पुस्तकही धडाक्यात खपलं. १९८९ शांतपणे उजाडलं.

शब्बाथाला पळावं लागू नये

मत्तय २४ मधला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. येशू सांगतो: यहूदीयात असतील त्यांनी डोंगरांत पळावं, धाब्यावर असेल त्यानं सामान घ्यायला खाली उतरू नये, आणि हे पळणं हिवाळ्यात किंवा शब्बाथाच्या दिवशी येऊ नये म्हणून प्रार्थना करा. अख्खं जगच संपणार असेल तर डोंगरात पळून काय होणार? आणि शब्बाथ पाळणाऱ्या गावाबाहेर शनिवारी पळण्याची अडचण कुणाला असणार? हा सल्ला एका ठरावीक प्रदेशातल्या, धाब्याच्या घरांत राहणाऱ्या, शब्बाथ पाळणाऱ्या माणसांना दिलेला आहे. प्रेटेरिस्टांचा हा मुद्दा खोडून काढणं मला तरी जमत नाही.

लूक तर आणखी स्पष्ट लिहितो: यरुशलेमला सैन्यांचा वेढा पडलेला दिसला की समजा. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस सांगतो की यरुशलेममधले ख्रिस्ती लोक रोमनांशी युद्ध पेटण्यापूर्वीच शहर सोडून यार्देन नदीपलीकडच्या पेल्ला गावी गेले. या हकिकतीवर आजचे अभ्यासक वाद घालतात. पेल्लाचे अवशेष मात्र आजच्या जॉर्डनमध्ये बघायला मिळतात.

आकाशात रथ, वेशीत वेडा

प्रेटेरिस्टांचा सर्वांत आवडता साक्षीदार ख्रिस्ती नव्हताच. तो होता जोसेफस. आधी रोमनांविरुद्ध लढणारा यहुदी सेनानी, मग त्यांचा कैदी, मग त्यांच्याच आश्रयानं लिहिणारा इतिहासकार. वेढ्याच्या वेळी तो रोमन छावणीत हजर होता. त्याची वर्णनं वाचताना अंगावर काटा येतो.

तो लिहितो, शहरावर तलवारीसारखा तारा दिसला. सूर्यास्ताआधी ढगांतून रथ आणि शस्त्रधारी फौजा धावताना दिसल्या. मंदिराचं पितळी दार, जे लावायला वीस माणसं लागत, रात्री आपोआप उघडलं. आकाशातल्या फौजांचा आणि उघडलेल्या दाराचा उल्लेख रोमन इतिहासकार टॅसिटसही करतो.

मग हनन्याचा मुलगा येशू नावाचा एक खेडूत. युद्धाच्या चार वर्षं आधी तो सणाला शहरात आला आणि ‘यरुशलेमला हाय हाय’ असं ओरडत गल्लोगल्ली फिरू लागला. रोमन अधिकाऱ्यानं त्याला हाडं दिसेपर्यंत फटके मारले, वेडा ठरवला, सोडून दिला. सात वर्षं पाच महिने त्याचा आक्रोश थांबला नाही. वेढ्यात एकदा तो म्हणाला, आता माझीही हाय हाय, आणि त्याच क्षणी रोमन यंत्रातून आलेला दगड लागून तो कोसळला.

हे दगड म्हणजे आणखी एक प्रकरण. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात आकाशातून एकेक तालांत वजनाच्या गारा पडतात. तालांत म्हणजे साधारण तीस-पस्तीस किलो. जोसेफस लिहितो, रोमन दगडफेकी यंत्रं तालांतभर वजनाचे दगड फेकत, आणि ते पांढरे असत. बुरुजावरचे पहारेकरी ते येताना दिसले की ‘पुत्र येतोय’ असं ओरडत आणि लोक झोपून घेत. मग रोमनांनी दगड काळे केले, म्हणजे दिसूच नयेत. पांढऱ्या, तालांतभर वजनाच्या ‘गारा’ आणि वर ही आरोळी: प्रेटेरिस्ट लेखक हा उतारा का सोडत नाहीत ते कळतं.

जोसेफसच्या सगळ्या आकड्यांवर मात्र विसंबू नये. वेढ्यात ११ लाख मेले, असं तो लिहितो. आजचे इतिहासकार हा आकडा खूप फुगवलेला मानतात.

दगडावर दगड

मंदिराचा एक दगड दुसऱ्यावर राहणार नाही, असं भाकीत. मग यरुशलेमची पश्चिम भिंत आजही कशी उभी? उत्तर सोपं आहे. ती मंदिराची भिंत नाहीच, मंदिर ज्या प्रचंड चौथऱ्यावर होतं त्याला आधार देणारी ती भिंत. मंदिर खरोखरच नाहीसं झालं. चौथऱ्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली हेरोदाच्या काळची फरसबंदी सडक उत्खननात सापडली, आणि तिच्यावर वरून ढकलून दिलेले अजस्र दगडांचे ढीग अजून पडले तिथेच ठेवले आहेत. जवळच १९६८ मध्ये एक कोरीव दगड मिळाला. त्यावरच्या मजकुरावरून कळतं की तो कर्णा वाजवण्याच्या जागेचा.

मंदिरातला सात फाट्यांचा दीप रोमला गेला. यरुशलेम जिंकणाऱ्या टायटसच्या तिथल्या कमानीवर तो खांद्यावर घेतलेले लोक आजही कोरलेले दिसतात. कोलोसियमचा खर्चही याच लुटीतून भागला असावा, असं एका शिलालेखावरून अभ्यासक मानतात.

पुढे ३६३ मध्ये सम्राट ज्युलियननं मंदिर पुन्हा बांधायला काढलं. ख्रिस्ती धर्म सोडलेल्या या सम्राटाला येशूचं भाकीत खोटं पाडायचं होतं, असं ख्रिस्ती लेखकांचं म्हणणं. पायाजवळ आगीचे लोळ उठले आणि काम बंद पडलं, हे मात्र ज्युलियनच्याच सैन्यातल्या अम्मियानस या बिगरख्रिस्ती इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी तिथे मोठा भूकंपही झाला होता.

६६६ आणि त्याचा धाकटा भाऊ

प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा ६६६. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहा: ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २००. बेरीज ६६६. नेरो म्हणजे इ.स. ६४ मध्ये रोमच्या आगीनंतर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा सम्राट.

योगायोग म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६६६ नाही, ६१६ आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यातून निघालेल्या, सुमारे सतराशे वर्षं जुन्या पपायरसवर तो स्पष्ट दिसतो. आता ‘नेरोन’ऐवजी लॅटिन वळणानं ‘नेरो’ लिहा. शेवटचा न गेला, ५० वजा झाले, उरले ६१६! दोन्ही आकडे एकाच माणसाच्या नावावर उतरतात.

या गटाची दुखरी नसही इथेच आहे. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनेयस सांगतो की प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाला हा दृष्टान्त सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस झाला, म्हणजे इ.स. ९५ च्या आसपास. तसं असेल तर प्रकटीकरण हे इ.स. ७० चं भाकीत कसं ठरेल? केनेथ जेन्ट्री यांनी १९८९ मध्ये एक जाडजूड पुस्तक फक्त हे सिद्ध करायला लिहिलं की ग्रंथ ७० च्या आधीचा आहे. बहुसंख्य अभ्यासक अजून ९५ च्याच बाजूला आहेत.

एकाच संघाची दोन उलटी उत्तरं

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंटांनी पोपलाच ख्रिस्तविरोधी ठरवलं. कॅथलिक बाजूनं दोन स्पॅनिश जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू, उत्तर द्यायला पुढे आले. फ्रान्सिस्को रिबेरा म्हणाले, ख्रिस्तविरोधी अजून यायचाय. लुईस दे अल्काझार म्हणाले, प्रकटीकरणातलं बहुतेक सगळं जुन्या यरुशलेमात आणि मूर्तिपूजक रोममध्ये घडून गेलंय. त्यांचा प्रचंड ग्रंथ मृत्यूनंतर १६१४ मध्ये निघाला. दोन्ही उत्तरांतून पोप सुटले.

प्रोटेस्टंट बाजूनं अल्काझार यांचा विचार उचलला डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांनी. हे तेच, जे १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून तुरुंगातून निसटले होते. पोप ख्रिस्तविरोधी नाहीत असं म्हटल्याबद्दल स्वकीयांनी त्यांच्यावर चांगलाच राग काढला.

अलिबागजवळचा रथ

भाकीत ‘होऊन गेलं’ म्हणण्याची रीत खुद्द शुभवर्तमानातच आहे. मसीहाच्या आधी एलीया परत येणार अशी यहुदी लोकांची अपेक्षा होती. येशू म्हणाला, एलीया येऊन गेला, लोकांनी त्याला ओळखलं नाही. तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल बोलत होता.

हाच एलीया आपल्या कोकणात फार जिव्हाळ्याचा आहे. इथल्या यहुदी बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे की एलियाहू हन्नबीचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकाला टेकून स्वर्गाकडे गेला. त्याच्या नावानं मलिद्याचा विधी होतो, आणि त्याच्या सणाला जुन्या मराठीत ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’ म्हणत. मंदिर जळाल्याच्या दुःखाचा दिवसही या समाजात आहे. बिरड्यावरून त्याचं नाव ‘बिरड्याचा सण’. इ.स. ७० ची राख रायगड जिल्ह्यापर्यंत अशी पोचली आहे.

अर्धे आणि पूर्ण

सगळे प्रेटेरिस्ट एका माळेचे नाहीत. अर्धे प्रेटेरिस्ट म्हणतात, मंदिराचा नाश, मोठं संकट, श्वापद हे होऊन गेलं. ख्रिस्ताचं पुनरागमन आणि मृतांचं पुनरुत्थान बाकी आहे. आर. सी. स्प्राउल यांच्यासारखे मान्यवर धर्मशिक्षक या बाजूचे. पूर्ण प्रेटेरिस्ट म्हणतात, पुनरागमनही ७० मध्येच झालं. १८७८ मध्ये जेम्स स्टुअर्ट रसेल यांचं ‘द परूसिया’ याच दिशेनं गेलं आणि पहिल्यांदा लेखकाच्या नावाशिवाय छापलं गेलं. १९७१ पासून अमेरिकेत मॅक्स किंग यांनी ते पुढे नेलं. त्यांतून अवघड प्रश्न निघतात. प्रभुभोजन ‘तो येईपर्यंत’ करायचं असतं. तो येऊन गेला असेल तर आता ते करायचं कशाला?

पूर्ण मताला बहुतेक सर्व चर्च पाखंड मानतात. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात हुमनाय आणि फिलेत यांना दोष दिलाय, तो पुनरुत्थान होऊन गेलं असं सांगितल्याबद्दलच. म्हणजे हा वाद बायबलइतकाच जुना आहे. आणि वसईपासून अहिल्यानगरपर्यंतच्या चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकारात ख्रिस्त न्याय करायला ‘येणार आहे’ असंच म्हणतात.

मला अर्ध्यांचं बरंचसं पटतं. सूर्य काळवंडण्याची भाषा यशयानं बाबेलच्या पाडावासाठीही वापरली आहे, आणि बाबेल पडलं तेव्हा सूर्य जागेवरच होता. संदेष्टे राज्यं कोसळताना असंच बोलत. पूर्ण मत मात्र एका साध्या प्रश्नावर अडकतं. ७० मध्ये सगळंच घडलं, तर त्यानंतरच्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांना कळलं कसं नाही? ‘दिदाखे’ ही अगदी सुरुवातीची ख्रिस्ती पुस्तिका प्रभू येण्याची वाट पाहत संपते. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टरही वाटच पाहत होता. इतकी मोठी घटना आणि साक्षीदार एकही नाही, हे मानणं मला शक्य नाही.

तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, एक करून बघा. मत्तयचा २४ वा अध्याय वाचा आणि लगेच जोसेफसच्या ‘यहुदी युद्ध’ या ग्रंथाचा सहावा भाग काढा. विल्यम व्हिस्टन यांनी १७३७ मध्ये केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद कुठेही फुकट मिळतो.