आयुका : खगोलशास्त्र मांडणारी वास्तू

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, उभे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ते १९८८ मध्ये स्थापन केले. संस्थापक संचालक जयंत नारळीकर, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. विश्वाविषयीच्या कल्पना इमारतीतच दिसाव्यात, असा कोरियांचा प्रयत्न होता.

काही ठिकाणी हे प्रतीकापुरतेच आहे. भिंतींना काळा बेसाल्ट, त्यावर अधिक काळा कडप्पा, आणि सर्वांत वर आभाळ परावर्तित करणारा चकचकीत काळा ग्रॅनाइट. अवकाशाची अथांगता सुचवणे हा त्यामागचा हेतू. मधल्या चौकात पायऱ्यांचे कुंड आहे. मंदिरातील कुंडाचा हा ओळखीचा आकार इथे प्रसरणशील विश्वाचे रूपक होतो. पण हे कोणी सांगितल्याशिवाय कळणे कठीण.

चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. आर्यभट प्रत्यक्ष कसे दिसत होते, हे अर्थातच कोणालाच ठाऊक नाही.

याउलट फूकोचा लंबक रूपक नाही, तो प्रत्यक्ष प्रयोग आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आर्यभटांनी ‘आर्यभटीय’ (इ.स. ४९९) मध्ये मांडले; लिओं फूको यांनी १८५१ मध्ये ते पॅरिसमध्ये लंबकाने दाखवले. लंबकाचे आंदोलन-प्रतल जमिनीच्या सापेक्ष हळूहळू वळताना दिसते, कारण खालची जमीनच फिरत असते. वळण्याचा वेग:

दर तासाला अंश ≈ १५ × sin φ (φ = अक्षांश)

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५°. म्हणून तासाला सुमारे ४.८°, आणि पूर्ण फेरीला ७५ तासांहून थोडे अधिक. हाच लंबक भिलाईत (सुमारे २१.२°) टांगला, तर तासाला ५.४°, फेरी सुमारे ६६ तासांत. ध्रुवावर जेमतेम एक दिवस लागतो; विषुववृत्तावर sin ० = ०, म्हणून प्रतल वळतच नाही. आपल्या गावाचा अक्षांश घालून हे गणित करून पाहावे. पुण्याला न जाताही प्रयोगाचा अर्धा भाग त्यातून समजतो.

उरलेल्या अर्ध्या भागासाठी उंच छत, लांब तार आणि जड गोळा लागतो. तार लांब असली की आंदोलन संथ होते; गोळा जड असला की हवेच्या विरोधाने ते लवकर थांबत नाही. कोणत्याही महाविद्यालयाच्या जिन्याच्या मोकळ्या जागेत हे जमू शकते.