बाबासाहेबांची बोट कशावर चालत होती?

४ ऑक्टोबर १९३० रोजी बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने निघाले. इतिहासाच्या तासाला हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. परिषदेची पार्श्वभूमी, प्रतिनिधी, अस्पृश्यांच्या वतीने मांडलेल्या मागण्या हे सारे आमच्या तोंडी होते. एके दिवशी नववीच्या वर्गातील एका मुलीने विचारले, “सर, ती बोट कशावर चालत होती?” आम्ही म्हणालो, “वाफेवर.” तिने पुन्हा विचारले, “वाफेवर म्हणजे कशी?” या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेऊनही ज्या यंत्राने इतिहास घडविण्यास हातभार लावला त्याच्या आत काय चालते हे आपण कधी पाहिलेच नाही, याची त्या दिवशी खंत वाटली. पुढे जे वाचले, समजून घेतले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर ठेवीत आहोत.

दट्ट्याचे इंजिन आणि त्याची मर्यादा

एकोणिसाव्या शतकातील आगबोटी दट्ट्याच्या इंजिनावर चालत. बॉयलरमधील वाफ सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला ढकलते, दट्ट्या पुढे-मागे होतो आणि त्या हालचालीचे रूपांतर चक्राकार गतीत करून प्रोपेलर, म्हणजे बोटीला पुढे रेटणारा पाण्यातील पंखा, फिरविला जातो. या रचनेत एक मूलभूत अडचण आहे. टनावारी वजनाचा दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबवावा लागतो आणि दोनदा उलट दिशेने पळवावा लागतो. त्यामुळे संपूर्ण बोट हादरते. हे हादरे सोसण्यासाठी इंजिनाचे दांडे, चौकटी आणि पाया भक्कम, पर्यायाने जड करावा लागतो. वेग वाढवावा तर हादरे वाढतात, आणि हादरे सोसावेत तर वजन वाढते.

दुसरी अडचण वाफेच्या स्वभावातील आहे. वाफेचा दाब उतरत जातो तसतसे तिचे आकारमान प्रचंड वाढते. शेवटच्या टप्प्यातील पातळ झालेल्या वाफेतही काम करण्याची शक्ती शिल्लक असते, पण ती वापरण्यासाठी सिलिंडर इतका मोठा करावा लागेल की तो बोटीत मावणार नाही. म्हणून ती शक्ती वाया जाई. हा अपव्यय भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला सोसावा लागे. मुंबईहून जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी, गोव्याचे खानसामे आणि बोटीच्या तळाशी कोळसा टाकणारे आगवाले असत. इंजिन जितके खादाड, तितकी आगवाल्याच्या फावड्याला अधिक खेप. यंत्राची कार्यक्षमता ही केवळ हिशेबाच्या वहीतील बाब नसते, हे कष्टकऱ्यांच्या घरांतून आलेल्या आपल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

बारवेच्या पायऱ्या

वाफेचा झोत सरळ चाकाच्या पात्यांवर सोडून चाक फिरवावे, ही कल्पना जुनी आहे. तीत दट्ट्या नाही, थांबणे नाही, उलटणे नाही. मग ती आधी का साधली नाही? उच्च दाबाची वाफ एकदम मोकळी सोडली तर तिचा झोत सेकंदाला हजार मीटरहूनही अधिक वेगाने धावू शकतो. अशा झोतातील शक्ती नीट घ्यायची तर पात्यांनाही साधारण त्याच्या निम्म्या वेगाने पळावे लागते. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी तसे टर्बाइन केले. ते मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे घेई. लहान कामांना ते उपयोगी पडले, पण बोटीच्या प्रोपेलरला हा वेग कसा मानवणार?

या कोड्याचे उत्तर चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये दिले. वाफेचा सगळा दाब एकाच उडीत उतरवू नये, तो लहान लहान पायऱ्यांनी उतरवावा, हा त्यांचा विचार. आपल्याकडील बारव डोळ्यांसमोर आणा. काठावरून थेट पाण्यात उडी घेतली तर अंगाला धक्का बसतो; पायऱ्यांनी उतरले तर तीच खोली सावकाश पार होते. पार्सन्सच्या यंत्रात एका लांब नळकांड्यात स्थिर पात्यांची एक ओळ आणि फिरत्या पात्यांची एक ओळ अशा जोड्या एकामागोमाग असतात. प्रत्येक जोडीत वाफेचा दाब थोडासाच उतरतो, वेग थोडासाच वाढतो आणि तेवढी शक्ती पाती काढून घेतात. वाफ पुढे जाताना फुगत जाते म्हणून पुढची पाती अधिकाधिक लांब केलेली असतात. दट्ट्याच्या इंजिनात वाया जाणारी शेवटची पातळ वाफही येथे कामी येते. पार्सन्सचे पहिले टर्बाइन मिनिटाला १८,००० फेरे घेणारे, वीज निर्माण करणारे लहानसे यंत्र होते.

टर्बाइन हलके का, हेही येथेच उलगडते. यंत्राची शक्ती म्हणजे त्याचा पीळ आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. वेग जास्त असेल तर तेवढ्याच शक्तीसाठी पीळ कमी लागतो. पीळ कमी म्हणजे दांडे बारीक आणि आवरण लहान. त्यात हादरे नसल्याने पायाही हलका चालतो.

‘टर्बिनिया’चे अपयश

पार्सन्स यांनी बोटीसाठी स्वतंत्र कंपनी काढली आणि २ ऑगस्ट १८९४ रोजी न्यूकॅसलजवळ टाइन नदीत ‘टर्बिनिया’ ही बोट उतरविली. लांबी सुमारे १०० फूट, रुंदी ९ फूट, वजन साडेचव्वेचाळीस टन. यंत्र उत्तम होते, पण बोट अपेक्षेप्रमाणे पळेना. पहिल्या चाचण्यांत वेग २० नॉटच्या आतच राहिला. एकामागून एक प्रोपेलर बदलले, तरी यश येईना.

या ठिकाणी आम्ही वर्गात नेहमी थांबतो आणि मुलांना विचारतो, तुम्ही काय केले असते? बहुतेक जण म्हणतात, आणखी मोठे इंजिन बसवू. पार्सन्स यांनी मात्र दोष नेमका कोठे आहे हे शोधले. शक्ती तयार होत होती, पण पाण्यापर्यंत पोचत नव्हती. प्रोपेलर फार वेगाने फिरला की त्याच्या पात्यांमागे दाब इतका कमी होतो की तेथील पाणी थंड असूनही उकळते आणि वाफेचे बुडबुडे होतात. मग प्रोपेलर पाण्याऐवजी पोकळीत फिरू लागतो, चिखलात चाक जागीच फिरावे तसा. याला कॅव्हिटेशन म्हणतात. हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी पार्सन्स यांनी १८९५ मध्ये एक लहान टाकी तयार केली, तीत दोन इंची प्रोपेलर फिरविला आणि लुकलुकत्या प्रकाशात काचेतून त्या बुडबुड्यांचे निरीक्षण केले.

कारण कळल्यावर उपाय दिसला. एका टर्बाइनऐवजी तीन टर्बाइने: उच्च, मध्यम आणि नीच दाबाची. वाफ पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाई. प्रत्येकाचा वेगळा शाफ्ट आणि प्रत्येक शाफ्टवर तीन, असे एकूण नऊ प्रोपेलर. प्रत्येक प्रोपेलरवरचा भार घटला आणि बोट ३४ नॉटच्या पुढे गेली. दोन हजारांहून अधिक अश्वशक्ती देणाऱ्या या मुख्य टर्बाइनांचे वजन चार टनांच्या आत होते. केंब्रिजचे प्राध्यापक ईविंग यांनी स्वतंत्रपणे चाचण्या घेतल्या. २६ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे दीडशेहून अधिक युद्धनौका रांगेत उभ्या असताना ‘टर्बिनिया’ त्यांच्यामधून सुसाट गेली आणि पहाऱ्याच्या नौकांना ती गाठता आली नाही.

वेग एकाला हवा, संथपणा दुसऱ्याला

१९०१ मध्ये ‘किंग एडवर्ड’ ही टर्बाइनवर चालणारी पहिली व्यापारी प्रवासी बोट स्कॉटलंडमध्ये सुरू झाली. १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका आणि १९०७ मध्ये ‘लुसिटानिया’ व ‘मॉरिटानिया’ ही महाकाय प्रवासी जहाजे टर्बाइनवर धावू लागली. तरी अडचणी संपल्या नव्हत्या. टर्बाइन भरधाव वेगातच काटकसरी असते. संथ वेगात ते दट्ट्याच्या इंजिनाहूनही अधिक कोळसा खाते. शिवाय ते उलटे फिरत नाही, म्हणून बोट मागे घेण्यासाठी वेगळे टर्बाइन लागते. सर्वांत मोठी अडचण म्हणजे टर्बाइनला वेग हवा आणि प्रोपेलरला संथपणा. दोघांना एकाच शाफ्टवर बांधले की दोघांनाही मन मारावे लागे.

यासाठी पार्सन्स यांनी मध्ये दंतचक्रे, म्हणजे गिअर घातले. १९०९ मध्ये त्यांनी ‘व्हेस्पेशियन’ नावाची एक जुनी मालवाहू बोट विकत घेतली. प्रथम तिचे जुने इंजिन नीट दुरुस्त करून ते किती कोळसा व वाफ घेते याची मोजणी केली. मग बॉयलर आणि प्रोपेलर तेच ठेवून केवळ इंजिनाच्या जागी गिअरचे टर्बाइन बसविले. टर्बाइनच्या सुमारे वीस फेऱ्यांमागे प्रोपेलरचा एक फेरा होई. खर्च सुमारे १५ टक्क्यांनी घटला. एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तेच ठेवायचे आणि मगच निष्कर्ष काढायचा, ही शास्त्रीय पद्धत शिकविण्यासाठी याहून सोपे उदाहरण आम्हांला सापडले नाही.

आणि आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. बाबासाहेबांची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ ही १९२९ मध्ये सेवेत आलेली बोट आणखी एका पद्धतीची होती. तिच्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी तेल जळे. वाफेचे टर्बाइन जनित्र फिरवून वीज निर्माण करी आणि त्या विजेवरील मोटारी प्रोपेलर फिरवीत. गिअरपेक्षा ही रचना वजनाने जड, पण शांत; आणि मोटार उलटी फिरविता येत असल्याने मागे जाण्यासाठी वेगळे टर्बाइन नको. कोट्यवधी माणसांचे गाऱ्हाणे घेऊन जाणारा तो प्रवासी अशा यंत्राच्या बळावर समुद्र ओलांडीत होता. पुढे नोव्हेंबर १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जर्मन पाणबुडीने ती बोट बुडविली. यंत्र माणसे जोडते आणि माणसे मारतेही. ते कशासाठी वापरायचे हे यंत्र ठरवीत नाही, यंत्र हाती असलेला समाज ठरवितो.

हात आणि बुद्धी

पार्सन्स हे आयर्लंडमधील एका सरदाराचे पुत्र. वडील खगोलशास्त्रज्ञ, घरीच कार्यशाळा, घरीच भट्टी. लहानपणापासून त्यांनी हातांनी कामे केली, केंब्रिजला गणित शिकले आणि पदवीनंतर न्यूकॅसलच्या कारखान्यात उमेदवारी केली. त्यांची कन्या रेचल हिने केंब्रिजमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री अभियंत्यांच्या संस्थेची ती पहिली अध्यक्ष झाली.

ही कथा सांगताना एक सत्य आम्ही लपवीत नाही. पार्सन्स यांना चुका करणे परवडत होते. आपल्या मुलांना ते परवडत नाही. पहिल्याच अपयशात त्यांची शाळा सुटण्याची भीती असते. दुसरे सत्य आपल्या देशाचे आहे. येथे ज्यांच्या हाती लोखंड, चामडे आणि माती होती, त्यांना अक्षर नाकारले गेले. आणि ज्यांच्याकडे अक्षर होते, त्यांनी हाताने काम करणे हलके मानले. जातीने केवळ माणसे वेगळी केली नाहीत, तर हात आणि बुद्धी यांचीही ताटातूट केली. टर्बाइन हे त्या दोहोंच्या मीलनातून निर्माण झालेले यंत्र आहे. आपल्या पूर्वजांच्या हातांत कौशल्य नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांना गणिताचे दार बंद होते, एवढेच.

ते दार उघडणे हे निवासी शाळेचे कार्य आहे. म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की देणगी देताना प्रवेशद्वार आणि रंगरंगोटी यांआधी प्रयोगशाळा आणि कार्यशाळा यांचा विचार करावा. जेथे मूल वस्तू बिघडवू शकेल, खोलून पाहू शकेल, चुकू शकेल आणि तरीही शाळेतच राहील, अशी जागा आपल्याला हवी आहे. तथागतांनी दुःखाकडे पाहताना त्याचे कारण शोधण्यास सांगितले, कारण कळले की निवारणाचा मार्ग दिसतो. अपयशी बोटीपुढे उभे राहून ‘असे का झाले?’ असे विचारणे ही त्याच वृत्तीची शिकवण आहे.

आज जहाजांवर बहुतांशी डिझेल इंजिने आली. तरी अणुशक्तीवरील पाणबुड्यांत टर्बाइन आहे, आणि मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, १९७२ मध्ये नौदलात आलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका वाफेच्या टर्बाइनवरच चालत असे. जमिनीवर तर त्याचेच राज्य आहे. कोराडी, चंद्रपूर, परळी येथील औष्णिक केंद्रांत हीच पात्यांची चक्रे मिनिटाला ३,००० फेरे घेत वीज निर्माण करतात. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी देशाच्या वीजधोरणाचा पाया घालण्याचे काम केले, हेही येथे स्मरावे. आमच्या वसतिगृहात रात्री अभ्यासाच्या वेळी जो दिवा लागतो, त्याच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला बहुधा असेच एक टर्बाइन फिरत असते.

त्या मुलीला उत्तर द्यायला आम्हांला बरेच दिवस लागले. उत्तर ऐकून तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला, “सर, ती पाती वितळत कशी नाहीत?” त्याचे उत्तर आम्ही सध्या शोधत आहोत. आपल्यापैकी जे अभियंते झाले आहेत, त्यांनी एखाद्या शनिवारी शाळेत येऊन ते तिला सांगावे.

जय भीम! नमो बुद्धाय!