फ्रेंच, रशियन आणि आपली शाळा

परकीय भाषा कशासाठी शिकावयाची, या प्रश्नाला आपल्याकडील विद्यार्थी बहुधा एकच उत्तर देतो : गुणांसाठी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक टप्प्यावर शिकविता येण्याजोग्या परदेशी भाषांमध्ये फ्रेंच व रशियन या दोहोंचाही उल्लेख आहे. परंतु शाळेत आलेली भाषा परीक्षा संपताच विद्यार्थ्याला सोडून जाणार असेल, तर त्या परिश्रमांचे चीज झाले असे म्हणता येईल काय?

परभाषेचा पहिला लाभ होतो तो स्वभाषेला. रशियनमधील तीन लिंगे पाहून मराठी मुलाने बिचकण्याचे कारण नाही. ती त्याच्या घरचीच आहेत. आपण ‘आला, आली, आले’ म्हणतो, तेथे रशियन मनुष्य ‘प्रिशोल, प्रिश्ला, प्रिश्लो’ म्हणतो. ‘हे माझे घर’ असे क्रियापदावाचून बोलण्याची सोयही दोन्हीकडे आहे. फ्रेंचमध्ये मात्र नपुंसकलिंग नाही. आपला सूर्य फ्रेंचमध्ये पुल्लिंगीच राहतो, पण रशियनमध्ये नपुंसकलिंगी होतो. आणि आपला चांदोमामा तर दोन्ही भाषांतील नेहमीच्या शब्दांत स्त्रीरूप धारण करतो! लिंग हे वस्तूचे नसून शब्दाचे असते, ही गोष्ट व्याकरणाच्या दहा नियमांनी पटणार नाही इतकी या एका उदाहरणाने पटते.

भाषेबरोबर समाजही शिकावा लागतो. इंग्रजीतील एका सर्वनामाची सवय झालेल्या मुलाला फ्रेंच व रशियन शिकताना ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर पुन्हा सांभाळावे लागते. कोणाला काय म्हणावे, हे केवळ व्याकरणातून कळत नाही. त्यासाठी माणसे कळावी लागतात. नावांचेही तसेच. लेव निकोलायेविच तॉलस्तॉय या नावात वडिलांचे नाव मध्ये आहे, बाळ गंगाधर टिळक या नावात असते तसेच. मात्र त्याच्या कादंबरीतील अन्ना अर्कादियेव्हना कारेनिना विवाहानंतर आडनाव पतीचे लावते, तरी मधले नाव पित्याचेच राखते. एवढ्या एका नावावरून वर्गात केवढी तरी चर्चा होऊ शकेल!

वाचनासाठी ला फोंतेनच्या बोधकथा घ्याव्यात. १६७८ च्या आपल्या दुसऱ्या संग्रहात त्याने पिल्पे नामक भारतीय ऋषीचे ऋण मान्य केले आहे. पुढे रशियात क्रिलोव्हने ला फोंतेनच्या कथांचे अनुवाद करीत याच वाटेवर पाऊल टाकले. आपल्या पंचतंत्राचे हे दूरचे आप्त मुलांना भेटावयास हवेत.

तथापि परभाषेच्या मोहाची दुसरी बाजूही रशियाच्याच इतिहासात दिसते. तॉलस्तॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीचा आरंभ फ्रेंच संभाषणाने होतो. कारण एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील पुष्कळ उमरावांना फ्रेंच ही दिवाणखान्याची भाषा वाटे आणि रशियन ही चाकरांची. आपल्याकडील इंग्रजीचे स्थान पाहिले म्हणजे हे चित्र अगदीच परके वाटत नाही. पण त्याच काळी, १८११ मध्ये, त्सारस्कोये सेलो येथील नव्या विद्यालयात एक मुलगा दाखल झाला. त्याचे फ्रेंच इतके उत्तम होते की सोबती त्याला ‘फ्रेंच’ म्हणूनच हाक मारीत. हाच मुलगा पुढे पुश्किन झाला आणि आधुनिक रशियन वाङ्मयीन भाषेचा निर्माता ठरला. परभाषा त्याला स्वजनांपासून तोडू शकली नाही. तिने त्याला स्वभाषेचे सामर्थ्य दाखविले.

आपल्या मराठीचा ऐतिहासिक विकास शास्त्रशुद्ध रीतीने उलगडून दाखविणारा थोर ग्रंथ झ्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्ये लिहिला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा अनुवाद १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच जाणणारा एक मराठी विद्वान होता, म्हणून आपल्याच भाषेची ही ओळख आपल्या घरी आली. आज वर्गात फ्रेंच वा रशियनची पहिली अक्षरे गिरविणाऱ्या मुलांपैकी एखाद्याने जरी असे काही मागे आणले, तरी त्या भाषेला शाळेत दिलेली जागा सार्थकी लागली असे समजावे.